मरीन टँकसाठी मीठपाण्याचं मिक्सिंग स्टेशन: जागा कमी असेल तर या चुका टाळा

मरीन टँक, म्हणजे समुद्री मासे-कोरलचा मीठपाण्याचा टँक, घरात आला की पहिले काही महिने बादली, पॉवरहेड (पाणी ढवळणारा छोटा पंप) आणि जुना टॉवेल एवढ्यावर निभावतं. मग कंबर कुरकुरायला लागते आणि मिक्सिंग स्टेशनचा विचार डोक्यात शिरतो. एक पिंप आरओ-डीआय पाण्याचं (आरओ मेंब्रेन आणि डीआय रेझिन यांतून गाळून क्षार काढलेलं शुद्ध पाणी), एक मीठपाण्याचं, मध्ये पंप, चार-सहा व्हॉल्व्ह आणि नळी थेट टँकपर्यंत. फोटोत हे सगळं फार देखणं दिसतं. पण असे फोटो बहुतेक वेळा ऐसपैस गॅरेजमधले किंवा तळघरातले असतात. आपल्याकडे बाल्कनीचा कोपरा किंवा बाथरूमबाहेरचा बोळ असेल, तर तीच रचना आखडून बसवायला जाऊ नका. जागा लहान असली की स्टेशनचा विचारच वेगळा करावा लागतो, आणि त्याची सुरुवात पिंपापासून होत नाही.

आधी पिंप, मग हिशोब

बहुतेक जण जागेत मावेल तेवढं मोठं पिंप आणतात. खरं तर दर वेळी किती पाणी बदलता, हा आकडा आधी हवा. टँक २०० लिटरचा असेल आणि आठवड्याला १० टक्के बदलत असाल, तर लागतात २० लिटर. ५० लिटरच्या पिंपात दोन आठवड्यांचं काम होतं, आणि अचानक मोठा बदल करायची वेळ आली तरी एका दमात टँकचं २० टक्के पाणी बदलता येतं. त्याऐवजी २०० लिटरचं पिंप भरलंत, तर समुद्राइतकं खारं पाणी लिटरमागे जवळपास १.०२५ किलो भरतं. म्हणजे २०५ किलोंचं ओझं एवढ्याशा गोल तळावर. शिवाय ते पाणी दोन-अडीच महिने तसंच पडून राहणार.

जागा वाचवायला दोन पिंपं एकावर एक ठेवायची असतील तर साधं पाणी वर, मीठपाणी खाली. वरचं पाणी पंपाशिवाय उताराने खाली येतं, आणि मीठ ओतायचं, मापायचं, ढवळायचं काम कमरेच्या उंचीवर राहतं. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. खालच्या पिंपाचं झाकण आणि वरची फळी यांच्यात निदान ३० सेंटिमीटर मोकळी हवीत. नाही तर मिठाचा मग तिरका करता येत नाही, हात आत जात नाही, आणि तळ घासायचा म्हटलं की वरचं पिंप रिकामं करून उतरवावं लागतं. स्टँड भिंतीला बांधून टाका. वर ५० किलो वजन असताना नुसतं ‘हलत नाही’ एवढ्यावर विसंबू नका.

पिंप खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या एचडीपीई प्लॅस्टिकचं घ्या, तळाशी त्रिकोणात २ हा आकडा असतो. रसायनांचं जुनं पिंप कितीही धुतलंत तरी नको.

भोकं, भोकं आणि भोकं

६० लिटरपर्यंतच्या स्टेशनला पिंपात एकही भोक पाडायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ताशी १,०००-१,५०० लिटरचा एक बुडवायचा पंप आणि एक लांब नळी पुरते. नळीचं टोक पिंपातच सोडलं की पाणी ढवळतं, टँकवर नेलं की पाणी टँकमध्ये जातं. व्हॉल्व्हची रांग दिसायला झकास असते खरी, पण प्रत्येक जोड म्हणजे कधी ना कधी गळणारी एक जागा, आणि लहान घरात ते पाणी पहिल्या पाच मिनिटांत लाकडी फर्निचरपर्यंत पोचतं.

या पद्धतीत एकच सापळा आहे. नळीचं टोक टँकच्या पाण्यात बुडवून ठेवलं आणि पंप बंद केला, तर सायफन उलटा लागतो. टँकचं पाणी खाली पिंपात येतं आणि पिंप भरून वाहतं. टोक नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर, क्लिपने पक्कं करून ठेवा.

तरी भोक पाडायचंच असेल तर टँक कनेक्टर (भोकात बसवून नळी जोडायचा आट्यांचा तुकडा) कुठे बसतोय ते बघा. गोल पिंपाच्या बाकदार भिंतीवर वॉशर सगळीकडून सारखा टेकत नाही. एका दिशेने दाबला जातो आणि दुसऱ्या दिशेने केसाएवढी फट राहते. पिंपाला जिथे सपाट पट्टा असेल तिथेच भोक घ्या, किंवा सरळ चौकोनी टाकी आणा. रबरी वॉशर कनेक्टरच्या रुंद कडेच्या बाजूला, म्हणजे टाकीच्या आत येतो. तो बाहेर नटाखाली घातला तर पाणी आट्यांमधून वाट काढतं. नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा, बस. पाना लावून जोर काढला की वॉशर बाहेर ढकलला जातो, आणि गळतं म्हणून आणखी आवळला की प्लॅस्टिक तडकतं. आगीतून फुफाट्यात.

पितळी व्हॉल्व्ह, तांब्याचे जोड मीठपाण्याच्या वाटेत कुठेही नकोत. तांबं कोळंबी, गोगलगायी आणि कोरल यांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक असतं. स्टीलचे क्लॅम्पसुद्धा मीठपाण्यात गंजतात, प्लॅस्टिकचेच वापरा.

तळातलं पाणी हिशोबात न धरणं

घोडं पेंड खातं ते इथे. पंप तळापर्यंतचं पाणी उपसत नाही, थोडं मीठपाणी नेहमी उरतं. समजा ६० लिटरच्या पिंपात ८ लिटर जुनं पाणी उरलंय. तुम्ही साध्या पाण्याने ६० च्या खुणेपर्यंत भरलंत आणि सवयीने ६० लिटरचं मीठ टाकलंत. नवीन पाणी होतं ५२ लिटर, मीठ मात्र ६० लिटरचं, आणि जुन्या ८ लिटरांतलं वेगळंच. खारेपणा ३५ ऐवजी जवळपास ४० पीपीटी (हजार भागांत किती भाग क्षार) भरतो. लोक मग मिठाच्या ब्रँडला नावं ठेवतात.

उपाय सोपा आहे. मोजलेल्या बादलीने पिंप भरत जा आणि दर ५ लिटरला बाहेरून मार्करने खूण करा. छापलेल्या क्षमतेवर जाऊ नका, ती बहुधा काठोकाठची असते. मीठ वजनानेच मोजा. लिटरमागे साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, ब्रँडप्रमाणे आणि मिठातल्या ओलाव्याप्रमाणे फरक पडतो. मगाने मोजलं तर सैल भरलेला आणि दाबून भरलेला मग एकसारखा होत नाही.

खारेपणा चुकलाच तर दुरुस्तीचं गणित साधं आहे. १०० लिटर पाणी ३२ वर असेल तर ३५ पर्यंत वाढवायला साधारण ३०० ग्रॅम मीठ आणखी लागेल. ३८ वर असेल तर ८ लिटर काढून तेवढंच आरओ-डीआय पाणी घाला. दोन्ही वेळा थोडं आधी थांबून मोजा, मग उरलेलं टाका.

पाण्यात मीठ, मिठात पाणी नव्हे

रिकाम्या पिंपात मीठ ओतून वरून पाणी सोडणं हा वेळ वाचवायचा फार महागडा प्रकार आहे. थोड्या पाण्यात सगळं मीठ आलं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना भेटतात आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतात. पुढे कितीही पाणी घाला, ते परत विरघळत नाही. आधी पाणी पूर्ण भरा, पंप चालू करा, आणि मीठ मुठी-मुठीने वाहत्या पाण्यात सोडा.

गरम पाण्यात मीठ लवकर विरघळेल हा दुसरा गैरसमज. कॅल्शियम कार्बोनेट या बाबतीत उलट्या स्वभावाचं आहे: पाणी तापलं की ते जास्त बाहेर पडतं. टँकच्या तापमानाच्या, म्हणजे साधारण २५ अंशांच्या आसपास राहा. खोलीचं तापमान तेवढंच असेल तर हीटर लागतही नाही. लावलात तर तो पिंपाच्या भिंतीला टेकू देऊ नका, आणि पाणी उपसण्याआधी बंद करा. पाण्याबाहेर तापलेली काच फुटते.

मीठ टाकल्यावर पाणी तासभर धुरकट दिसलं तर घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवर आणि पंपावर पांढरी पूड बसलेली दिसली तर मात्र अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) मोजल्याशिवाय ते पाणी टँकमध्ये घालू नका. नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात ती ७ डीकेएचच्या (अल्कलिनिटीचं एकक) आसपास असते, रीफसाठीच्या, म्हणजे कोरलच्या टँकसाठीच्या, मिठांमध्ये बहुधा त्याहून जास्त ठेवलेली असते. तुमच्या पिशवीवर छापलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी आली तर उरलेली तळाशी बसली आहे असं समजा. जास्त अल्कलिनिटीची काही मिठं तर काही तासांतच वापरावीत असं पिशवीवरच लिहिलेलं असतं. ते न वाचता आठवडाभर ढवळत ठेवणारे पुष्कळ आहेत.

पिशवी उघडण्याआधी लोळवून घ्या, प्रवासात जड-हलके कण वेगळे झालेले असतात. आणि मीठ स्टेशनशेजारी उघडं ठेवू नका. त्यातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. आधी ढेकळं होतात, मग वजनाचं मापही फसतं.

रिफ्रॅक्टोमीटरवर आंधळा विश्वास

रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारं उपकरण. शुद्ध पाण्याचा थेंब टाकून ते शून्यावर लावलं की झालं, असं बहुतेक जण धरून चालतात. पण आपल्याला मोजायचंय ३५ ला, शून्याला नाही. मधल्या पट्ट्यात उपकरण किती चुकतंय हे शून्यावर कळत नाही. त्यात बरेच स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या सोडियम क्लोराइडच्या द्रावणासाठी आखलेले असतात. समुद्राचं ३५ पीपीटी पाणी त्यांवर साधारण ३६.५ दिसतं. म्हणजे तुम्ही ३५ बघून खूश असता आणि टँक असतो ३३.५ च्या आसपास.

३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणावरच लावून घ्या. ते हाताशी नसेल तर ३६.५ ग्रॅम कोरडं साधं मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवा. प्रकाश वळवण्याच्या बाबतीत हे द्रावण ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याइतकंच भरतं. अर्थात काटा ग्रॅमच्या दशांशापर्यंत खरा असेल तरच.

मोजताना काचेवर दोन-तीन थेंब टाका, झाकण तिरकं करत टेकवा म्हणजे बुडबुडा अडकत नाही, आणि अर्धा मिनिट थांबा. गरम पाण्याचा थेंब गार काचेवर पडल्या पडल्या वाचला तर आकडा पुसटही दिसतो आणि चुकीचाही. निळी-पांढरी रेघ ठसठशीत झाली की मगच वाचा, आणि झाल्यावर काच शुद्ध पाण्याने पुसा.

आरओ लावून झोपणं

७५ जीपीडीचं (दिवसाला ७५ गॅलन) मेंब्रेन पुरेशा दाबाला ताशी १०-१२ लिटर पाणी देतं. ५० लिटरचं पिंप चार-पाच तासांत भरतं. रात्री अकराला चालू करून झोपलात, तर पहाटे काय होतं ते सांगायला नको. फ्लोट व्हॉल्व्ह (पिंप भरलं की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता व्हॉल्व्ह) लावाच, पण एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका. त्यावर मिठाचे कण चढतात, तो अर्धवट अडकतो. घरात जागे असाल तेव्हाच भरा, फोनवर अलार्म लावा.

मात्र थोडं-थोडं भरत राहणंही बरं नव्हे. बंद असताना मेंब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार समपातळीला यायला लागतात, त्यामुळे चालू केल्यावर पहिल्या काही मिनिटांचं पाणी जास्त टीडीएसचं (विरघळलेल्या क्षारांचं) असतं. ते डीआय रेझिनमध्ये गेलं की रेझिन लवकर संपतं. ते पहिलं पाणी टाकून द्या आणि एका बैठकीत पिंप भरा. बाहेर पडणारं वेस्ट पाणी शुद्ध पाण्याच्या तीन-चार पट असतं, त्याची नळी मोरीत पक्की बांधा. फरशी पुसायला ते चालतं.

वीज

एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको, पिंपाखाली तर मुळीच नको. भिंतीवर उंच लावा, आणि प्रत्येक वायर बोर्डापर्यंत जाण्याआधी खाली एक झोळ घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडतं. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवंच. यात काटकसर करू नका.

तरीही काही बिनसलं तर

खारेपणा आठवडाभरात आपोआप वाढतोय? झाकण उघडं आहे, पाणी उडतंय आणि मीठ मागे राहतंय. झाकण लावा, पण बंद कपाटातल्या स्टेशनला हवेची फट ठेवा. कोंडलेल्या जागेत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच खाली येतो. पीएच कमी वाटला तर आधी पाणी मोकळ्या हवेत ढवळून बघा, रसायनं नंतर.

टीडीएस शून्यावर येत नाही? डीआयच्या आधीचं आणि नंतरचं पाणी वेगवेगळं मोजा. आधीचंच जास्त असेल तर मेंब्रेन किंवा पाण्याचा दाब बघा. आधीचं ठीक आणि नंतरचं जास्त असेल तर रेझिन संपलंय.

पंपाचा आवाज वाढलाय, धार कमी झालीय? इंपेलरवर (पंपातल्या फिरत्या पात्यांवर) पांढरा थर बसलाय. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात काही तास चालवा, मग साध्या पाण्याने दोनदा धुवा. त्या दिवशी ब्लीच जवळही आणू नका, ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतोय? तो पिंपापेक्षा बहुधा नळीतून येतो. दोन पाणीबदलांमध्ये नळीत अडकलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो. काम झाल्यावर नळी उंच धरून पूर्ण रिकामी करा, आणि पुढच्या वेळी पहिलं लिटरभर पाणी टँकऐवजी मोरीत सोडा.