ई-स्कूटरचं रीजन: घाटात, पावसात आणि सिग्नलला या चुका टाळा

रेस सोडली की ई-स्कूटर आपोआप मंदावते. त्या वेळी मोटरचा जनरेटर झालेला असतो. चाक मोटरला फिरवतं, मोटर वीज तयार करते आणि ती कंट्रोलरमधून, म्हणजे मोटर आणि बॅटरीमधली वीज सांभाळणाऱ्या सर्किटमधून, बॅटरीत जाते. वीज तयार व्हायला लागणारी ऊर्जा गाडीच्या वेगातून येते, म्हणून गाडी हळू होते. हेच रीजनरेटिव्ह ब्रेकिंग, बोलीभाषेत रीजन.

रीजनबद्दलच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी दोन समजुती असतात. पहिली, रीजनमुळे बॅटरी भरते. दुसरी, रीजन म्हणजे ब्रेकच. पहिलीमुळे निराशा पदरी पडते, दुसरीमुळे अपघात होऊ शकतो. चालवणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी: हाताने दाबायच्या ब्रेकची पकड, तो नीट ठेवला असेल तर, रोज साधारण सारखीच मिळते. रीजनची पकड मात्र बॅटरी किती भरली आहे, ती किती गरम आहे, वेग किती आहे आणि कोणता मोड लावला आहे यावर बदलत राहते.

रेंजचा हिशेब न करता अपेक्षा ठेवणं

११० किलोची गाडी, ७० किलोचा चालवणारा, ताशी ४० किलोमीटरचा वेग. अशा गाडीत त्या क्षणी साठलेली ऊर्जा जेमतेम ३ वॅट-अवर असते. शहरात ई-स्कूटर किलोमीटरला साधारण ३० वॅट-अवर खाते. म्हणजे सिग्नलला थांबताना सगळीच्या सगळी ऊर्जा परत मिळाली तरी गाडी १०० मीटर पुढे जाईल. प्रत्यक्षात मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी आपापला वाटा घेतात, शेवटचा थोडा वेग हाताच्या ब्रेकनेच मारावा लागतो, आणि हाती निम्म्याच्या आसपास उरतं. एका सिग्नलमागे पन्नासेक मीटर. दिवसभराच्या ट्रॅफिकमध्ये याची बेरीज होते खरी, पण रेंज दीडपट होईल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

घाटाचंही तेच. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईत उतरताना उंचीचा फरक पावणेसहाशे मीटरच्या आसपास आहे. १८० किलो वजनाला ही उंची साधारण २८० वॅट-अवर देते. १२-१३ किलोमीटरच्या त्या उतारात निम्म्याच्या आसपास ऊर्जा वाऱ्यात आणि टायरच्या घर्षणात जाते. उरलेल्यातून बॅटरीत पोहोचते ती ३ युनिटच्या, म्हणजे ३००० वॅट-अवरच्या, बॅटरीच्या दोन-तीन टक्के. वाईत उतरेपर्यंत आकडा दोन टक्क्यांनी वाढला असेल तर गाडी उत्तम काम करते आहे, सर्व्हिस सेंटरला जायची काही गरज नाही. आकडा वाढलाच नाही, नुसता जागच्या जागी राहिला, तरीही बिघाड समजू नका. ३ युनिटच्या बॅटरीत एक टक्का म्हणजे ३० वॅट-अवर, आणि डिस्प्ले त्याहून बारीक फरक दाखवतच नाही.

मग रीजन हवं कशाला? माझ्या मते त्याचा खरा फायदा घाटात दिसतो. वेग आटोक्यात राहतो, ब्रेक शू आणि पॅड कमी झिजतात, ड्रम तापत नाही आणि शेवटच्या वळणापर्यंत हाताचा ब्रेक ताजा राहतो. लांबच्या उतारावर याचं मोल पन्नास मीटरच्या रेंजपेक्षा कितीतरी जास्त आहे.

सपाट रस्त्यावर आणखी एक चूक सर्रास होते. लांबवर लाल सिग्नल दिसला की रेस एकदम सोडायची, रीजनने गाडी हळू करायची, मग सिग्नलपर्यंत पोहोचायला पुन्हा रेस द्यायची. चाकातून बॅटरीत आणि बॅटरीतून परत चाकात जाताना प्रत्येक फेरीत ऊर्जा वाया जाते. त्यापेक्षा रेस अगदी किंचित धरून गाडी मोकळी घरंगळत नेली तर जास्त वाचते. जिथे थांबायचंच आहे तिथे रीजन वापरा. जिथे नुसतं जवळ पोहोचायचं आहे तिथे गाडीला धावू द्या.

फुल चार्ज करून घाट उतरायला घेणं

ही चूक नेमकी काळजीपूर्वक वागणाऱ्यांकडून होते. महाबळेश्वरला मुक्काम, रात्रभर गाडी चार्जिंगला, सकाळी शंभर टक्के बॅटरी घेऊन आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे निघायचं. वरवर पाहता तयारी चोख वाटते.

पण भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालायला जागा नसते. सेलचं व्होल्टेज मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून बीएमएस, म्हणजे बॅटरीची देखरेख करणारं सर्किट, रीजन कमी करतं किंवा पूर्ण बंद करतं. घाटातली पहिली तीव्र वळणं नेमकी इथेच येतात. आदल्या दिवशी रेस सोडताच रेटून धरणारी गाडी आज सुसाट सुटते आणि चालवणारा गडबडून ब्रेक जोरात दाबतो. वळणावर, मागे कोणी बसलेलं असताना आणि समोरून एसटी येत असताना ही वेळ येऊ नये.

यावर उपाय सोपा आहे. वरून खाली उतरायचं असेल तर ९० टक्क्यांच्या आत चार्जर काढा. उतारात तशीही वीज फारशी लागत नाही, त्यामुळे त्या दहा टक्क्यांवाचून काही अडत नाही. आणि बॅटरी भरलेलीच असेल तर पहिले काही किलोमीटर रीजन नाहीच असं समजून हाताच्या ब्रेकवर आणि कमी वेगात उतरा.

बॅटरी किंवा मोटर फार तापली असेल तरीही रीजन कमी होतं. फास्ट चार्जिंगवरून नुकती काढलेली गाडी, मे महिन्याची दुपार आणि त्यात लगेच उतार, असा योग आला तर गाडीला थोडा वेळ सावलीत उभी करा. उलट बाजूला, थंडीतही लिथियम बॅटरीला चार्ज घेणं मानवत नाही. शून्य अंशाच्या खाली तर चार्जिंगमुळे सेल खराब होऊ शकतो, म्हणून बीएमएस तिथेही रीजन अडवतं. महाराष्ट्रात हा प्रश्न क्वचितच येईल, पण लडाखला ई-स्कूटर नेणाऱ्यांनी किंवा थंड देशात राहणाऱ्यांनी सकाळच्या पहिल्या उतारावर हे ध्यानात ठेवावं.

उतारावर गाडी बंद करणं

पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करून न्यूट्रलवर गाडी सोडायची सवय आपल्याकडे जुनी आहे. पेट्रोलच्या गाडीवरही ती धोक्याचीच होती. ई-स्कूटरवर तर तिने काहीच वाचत नाही. गाडी बंद केली की रीजन गेलं, म्हणजे उलट जी वीज मिळाली असती तीही गेली. बऱ्याच गाड्यांमध्ये दिवे, इंडिकेटर आणि ब्रेक लाइटही सोबत जातात. उतारभर गाडी चालूच ठेवा आणि रेस सोडून ठेवा, इतकंच करायचं असतं.

ओल्या रस्त्यावर रेस झटकन सोडणं

आपल्याकडच्या स्कूटरमध्ये मोटर मागच्या चाकाला जोडलेली असते, त्यामुळे रीजनही फक्त मागच्या चाकावर काम करतं. गाडी मंदावताना वजन पुढे सरकतं आणि मागचं चाक हलकं होतं. कोरड्या डांबरावर हे जाणवत नाही. पण जूनच्या पहिल्या पावसात, रस्त्यावरची धूळ आणि सांडलेलं ऑइल पाण्यात मिसळतं तेव्हा, झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, ड्रेनेजच्या लोखंडी झाकणांवर आणि उसाच्या ट्रॅक्टरने आणलेल्या चिखलावर मागचं चाक एका झटक्यात सरकू शकतं. गाडी वळणावर झुकलेली असेल तर जास्तच.

पावसाळ्यात रीजन सर्वात कमी पातळीवर ठेवा. गाडीत पातळी बदलायची सोय नसेल तर रेस सोडण्याची पद्धत बदला. वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात रेस किंचित धरून ठेवा आणि वळण संपल्यावर सावकाश सोडा. काही गाड्यांत रीजन हाताने कमी-जास्त करता येतं. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या एथर ४५० एपेक्समध्ये रेस उलट दिशेने फिरवून रीजन वाढवता येतं. अशी सोय असली तरी ती आधी मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर हाताला बसवा आणि मगच ट्रॅफिकमध्ये वापरा.

मागे बसणाऱ्याचा विचार बहुतेक जण करत नाहीत. साडीत एका बाजूला पाय करून बसलेल्या आईला प्रत्येक सिग्नलला पुढे झटका बसत असेल तर दोष गाडीचा नाही, मनगटाचा आहे. रेस शून्यावर न आपटता एक-दोन सेकंदांत हळूहळू आणली की झटका जवळजवळ नाहीसा होतो. डबलसीट असताना कमी रीजनचा मोड लावणं केव्हाही चांगलं.

हाताचा ब्रेक विसरून जाणं

रीजनची सवय लागली की बोटं ब्रेकवरून उठतात. अचानक कुत्रं आडवं आलं, रिक्षा थांबली, तर रीजन पुरत नाही. त्या वेळी दोन्ही ब्रेकच लागतात, आणि बोटं आधीपासून लिव्हरवर असली तर मौल्यवान क्षण वाचतो. वेग अगदी कमी झाला की बहुतेक गाड्यांत रीजनची पकडही सुटते. चढावर किंवा उतारावर थांबलेली गाडी रीजनने धरून राहत नाही, तिथे ब्रेक दाबूनच ठेवावा लागतो. काही गाड्यांत हिल होल्ड, म्हणजे चढावर थांबलेली गाडी धरून ठेवायची सोय, असतं, पण ते रीजनपेक्षा वेगळं काम आहे.

न वापरलेला ब्रेक खराबही होतो. कोकणात खाऱ्या हवेत डिस्कवर गंज लवकर चढतो, कॅलिपरची पिन अडकते, ड्रममध्ये धूळ साचून शू गुळगुळीत होतात. दिवसातून काही वेळा, मागे कोणी नाही हे पाहून, दोन्ही ब्रेक नीट दाबून गाडी थांबवा. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं, त्यामुळे पॅड झिजले नसले तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. ‘पॅड तर नवेकोरे आहेत’ म्हणून ही तपासणी टाळू नका.

आणि ब्रेक लाइट पाहून घ्या. नुसती रेस सोडून गाडी बरीच मंदावते तेव्हा मागचा लाल दिवा लागतो की नाही, हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं. संध्याकाळी मित्राला मागून यायला सांगा आणि दिवा लागतो का ते विचारा. लागत नसेल तर रेस सोडतानाच ब्रेकची लिव्हर हलकेच दाबायची सवय लावा.

‘ई-एबीएस’ला एबीएस समजणं

कमी वेगाच्या स्वस्त स्कूटरच्या माहितीपत्रकात ‘ई-एबीएस’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. ही सोय म्हणजे बहुतेक वेळा ब्रेक दाबल्यावर मोटरने धरलेला अडथळा, म्हणजे रीजनचाच एक प्रकार. चाक लॉक होऊ नये म्हणून सेन्सरने ब्रेकचा दाब सोडणारी-धरणारी खरी एबीएस यंत्रणा त्यात नसते. पावसात ‘आपल्या गाडीला एबीएस आहे’ या भरवशावर ब्रेक दाबणाऱ्यासाठी हा फरक जिवाशी निगडित आहे. दुकानदाराला सरळ विचारा: चाकाजवळ एबीएसचा सेन्सर आहे का? असेल तर दाखवा म्हणा.

किट बसवून रीजन चालू करणं

सायकलला किंवा जुन्या स्कूटरला इलेक्ट्रिक किट बसवणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. आत गिअर आणि क्लच असलेली हलकी हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसवलेली मोटर, पुढे जाताना मोकळी फिरते, तिच्यातून रीजन मिळतच नाही, कंट्रोलर कितीही महागाचा घ्या. रीजन हवं तर गिअर नसलेली, थेट चालणारी हब मोटर लागते.

ती असली तरी बॅटरीचं काय? बऱ्याच बॅटरी पॅकमध्ये चार्जिंगची वाट आणि मोटरकडे जाणारी वाट वेगळी असते. रीजनची वीज मोटरच्या वाटेने आत शिरते आणि जास्त चार्जिंग रोखणारं संरक्षण तिला अडवू शकत नाही. दोन्हींची वाट एकच असेल तर बॅटरी भरल्यावर बीएमएस ती वाट तोडतं आणि व्होल्टेजचा झटका कंट्रोलरला बसू शकतो. म्हणून रीजनची वायर जोडण्यापूर्वी पॅक बनवणाऱ्याला विचारा, आणि कंट्रोलरमध्ये रीजनचा करंट बॅटरी सोसेल इतकाच ठेवा.

शिवाय रीजनमध्ये मोटरच्या एक्सलवर जोर उलट्या दिशेने पडतो. पुढे, मागे, पुढे, मागे असं होत एक्सलचे नट सैल होतात आणि फ्रेममधली खाच रुंदावते. टॉर्क आर्म, म्हणजे एक्सल फिरू नये म्हणून त्याला फ्रेमशी धरून ठेवणारी पट्टी, बसवल्याशिवाय रीजन चालू करू नका आणि नट वरचेवर तपासा.

रीजन अचानक गेलं, तर

आधी बॅटरीचा आकडा पाहा. नव्वदच्या वर असेल तर थोडं चालवून पुन्हा बघा. मग मोड पाहा, कारण मोड बदलला की अनेक गाड्यांत रीजनही बदलतं. नुकतंच सॉफ्टवेअर अपडेट झालं असेल तर सेटिंग पुन्हा तपासा.

रीजनच्या वेळी मोटरमधून बारीक घुंई आवाज येणं ठीक आहे. ‘टक’ असा आवाज आणि सोबत झटका येत असेल तर चेन किंवा बेल्ट सैल झाल्याची शक्यता जास्त, कारण रेस सोडताच ओढ उलटी फिरते. रेस देऊनही गाडी हलत नसेल तर ब्रेक लिव्हरचा स्विच अडकला आहे का पाहा. बऱ्याच गाड्या ब्रेक दाबलेला समजला की मोटरला वीज देणं थांबवतात, आणि पावसाळ्यात हा स्विच चिकटतो.

एवढं करूनही रीजन परत आलं नाही तर सर्व्हिस सेंटरला जाताना ते कधी गेलं, त्या वेळी बॅटरी किती टक्के होती, कोणता मोड होता आणि गाडी चार्जिंगवरून काढून किती वेळ झाला होता, हे लिहून न्या. मेकॅनिकला गाडीच्या नोंदीत ती वेळ शोधता येते, आणि नुसत्या ‘गाडी आधीसारखी थांबत नाही’ या तक्रारीपेक्षा बिघाड लवकर सापडतो.