रडार प्रतिमांवरून शेत आणि जंगल वाचताना या चुका टाळा

खरिपात विदर्भातलं किंवा कोकणातलं भाताचं क्षेत्र मोजायचं असेल, तर साध्या उपग्रह-छायाचित्रांवर भिस्त ठेवता येत नाही. जून ते सप्टेंबर वर ढगच असतात. रडार ढगांच्या आरपार पाहतं, अंधारातही पाहतं, आणि युरोपच्या सेंटिनेल-१ या उपग्रहांच्या प्रतिमा २०१४ पासून कोणालाही विनामूल्य मिळतात. त्यामुळे कृषी आणि वनशास्त्राचे विद्यार्थी, पीकविम्याचं काम करणारे, गावपातळीवरच्या संस्था असे सगळेच आता त्या वापरू लागले आहेत. ही फार चांगली गोष्ट आहे. पण जमिनीवरून परत येणाऱ्या रडार-लहरीच्या जोराच्या आलेखात अचानक चढ-उतार दिसला की लगेच ‘पीक गेलं’, ‘जंगल तुटलं’ असे निष्कर्ष निघतात आणि ते अहवालात जातात. शेतावर किंवा जंगलावर ठपका ठेवण्याआधी उपग्रहाची दिशा, आपलं गणित आणि त्या दिवशीचा पाऊस या तीन गोष्टी तपासायलाच हव्यात.

दोन दिशांच्या प्रतिमा एकत्र करणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. सेंटिनेल-१ दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना पूर्वेकडे बघतो आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना पश्चिमेकडे, कारण त्याची नजर नेहमी उजवीकडे असते. आता सह्याद्रीची मुख्य रांग डोळ्यांसमोर आणा. पहिल्या फेरीत कोकणाकडे तोंड केलेले कडे रडारच्या थेट समोर येतात. चढ रडारच्या झुकावाच्या कोनापेक्षा (लहर उभ्या रेषेशी करते तो कोन) तीव्र असेल, तर कड्याचा माथा पायथ्यावर कोसळल्यासारखा दिसतो आणि तिथे पांढरा पट्टा उमटतो. दुसऱ्या फेरीत तेच कडे पाठीमागे जातात, अंधारतात, काही ठिकाणी पूर्ण सावलीत जातात. जंगल जिथल्या तिथेच असतं. दोन्ही फेऱ्यांच्या प्रतिमा एका आलेखात ओतल्या, तर मात्र तिथे दर काही दिवसांनी झाडं तुटतात आणि पुन्हा उगवतात असं दिसेल.

सपाट शेतातही हा प्रश्न सुटत नाही. सेंटिनेल-१ च्या पट्ट्यात झुकावाचा कोन साधारण २९ अंशांपासून ४६ अंशांपर्यंत बदलतो. शेजारच्या दोन कक्षांतून तेच शेत वेगवेगळ्या कोनांतून दिसतं आणि एक-दोन डेसिबलचा (परत आलेल्या लहरीचा जोर मोजण्याचं एकक) फरक सहज पडतो. शिवाय एका दिशेची फेरी सकाळी सहाच्या सुमारास होते, दुसरी संध्याकाळी. ऑक्टोबरात पहाटेचं दव पानांवर असताना घेतलेली प्रतिमा संध्याकाळच्या प्रतिमेपेक्षा उजळ येऊ शकते.

उपाय साधा आहे. पासची (फेरीची) दिशा आणि रिलेटिव्ह ऑर्बिट (कक्षेचा) क्रमांक हे दोन्ही फिल्टर लावा आणि एका आलेखात एकच कक्षा ठेवा. डोंगराळ भागात त्याच्या पुढे जावं लागतं. गुगल अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेतल्या तयार प्रतिमांमध्ये जागेची दुरुस्ती केलेली असते, पण उतारामुळे बदललेल्या उजेडाची केलेली नसते. स्नॅप या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः प्रक्रिया करत असाल तर कॅलिब्रेशनमध्ये बीटा-नॉट हा पर्याय निवडा, मग टेरेन फ्लॅटनिंग (उजेडाची दुरुस्ती) करा आणि त्यानंतरच टेरेन करेक्शन (जागेची दुरुस्ती). एवढं करूनही जिथे माथा पायथ्यावर आला आहे किंवा सावली आहे, तिथली माहिती परत मिळत नाही. ते पिक्सेल मास्क करा, म्हणजे हिशोबातून वगळा.

डेसिबलची सरासरी काढणं

डेसिबल ही लॉगची मोजपट्टी आहे: दर दहा डेसिबलला मूळ आकडा दहापट बदलतो. समजा दोन पिक्सेल आहेत, एक -१० डेसिबल, दुसरा -२०. सरळ सरासरी -१५ येते. पण मूळ आकड्यांत ते ०.१ आणि ०.०१ आहेत. त्यांची सरासरी ०.०५५, म्हणजे सुमारे -१२.६ डेसिबल. जवळपास अडीच डेसिबलची ही चूक पिकाच्या वाढीएवढी मोठी ठरू शकते. अर्थ इंजिनमधला नेहमीचा संच डेसिबलमध्येच असतो, म्हणून सरासरीसाठी त्याचा फ्लोट (मूळ आकड्यांचा) संच घ्या आणि डेसिबल शेवटी करा. प्रतिमेतले दाणेदार ठिपके कमी करण्याचे फिल्टरही मूळ आकड्यांवरच चालवा.

पहिल्या पावसाला पीक समजणं

कोरड्या मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३ ते ५, पाण्याचा ८० च्या आसपास. मराठवाड्यातल्या काळ्या रानावर मृगाचा चांगला पाऊस झाला की पेरणीआधीच ते शेत रडारवर उजळतं. त्याला सोयाबीनची उगवण समजू नका. ओलाव्यामुळे व्हीव्ही (उभी पाठवलेली लहर उभीच परत येते तो सिग्नल) आणि व्हीएच (उभी पाठवलेली आडवी होऊन येते तो) दोन्ही एकत्र वर जातात. पिकाची पानं-फांद्या वाढतात तेव्हा व्हीएच जास्त वेगाने वर जातं, म्हणून दोघांमधला फरकही आलेखात काढा. प्रत्येक प्रतिमेच्या तारखेसमोर महसूल मंडळाच्या पावसाचा आकडा लिहून ठेवण्याची सवय लावा. या एका रकान्याने निम्म्या शंका मिटतात.

रोवणी सापडत नाही तेव्हा

भंडारा-गोंदियाकडे चिखलणी होऊन खाचरात पाणी साठतं तेव्हा रडारची लहर त्या आरशासारख्या पाण्यावरून पलीकडे निघून जाते आणि खाचर काळं दिसतं. पुढे फुटवे वाढतात तसं व्हीएच चढत जातं, बहुतेकदा पाच-सात डेसिबलनी. आलेखातला हा खड्डा आणि त्यानंतरचा चढ हीच भाताची ओळख. तो खड्डा दिसला नाही म्हणून ‘इथे भात नाही’ असं लिहून टाकू नका. वारा असेल तर पाण्यावर तरंग उठतात आणि व्हीव्ही उजळतं. तिथे व्हीएच बघा. रोपं थोडी वर आली की खोड आणि पाणी मिळून लहर दोनदा उसळते आणि तीच जागा उलट चमकते. एका उपग्रहाची त्याच कक्षेतली फेरी १२ दिवसांनी येते, त्यामुळे रोवणीचे नेमके दिवस मधे निसटूनही जातात. जोडीतला सेंटिनेल-१बी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला आणि त्याच्या जागी १सी डिसेंबर २०२४ मध्ये अवकाशात गेला. मधल्या वर्षांचं काम असेल तर तुमच्या तालुक्याच्या तारखा आधी मोजून घ्या. पेरीव भाताला तर चिखलणीचा खड्डा असतोच असं नाही.

खाचराच्या आकाराचाही विचार करा. पिक्सेल १० मीटरचा असला तरी खरी तपशील-क्षमता एका बाजूने २० मीटरच्या आसपास असते. वीस गुंठ्यांचं चौरस खाचर साधारण ४५ मीटर बाजूचं. बांधावरची झाडं टाळायला चारही बाजूंनी १० मीटर आत आलात, तर जेमतेम सहा पिक्सेल उरतात. एवढ्यावरून एका शेतकऱ्याच्या नुकसानीचा निकाल देणं अन्यायाचं आहे. लागून असलेली, एकाच सुमारास रोवलेली खाचरं एकत्र घेऊन वाचा.

जंगलात सी-बँडकडून फार मागणं

सेंटिनेल-१ ची लहर सुमारे ५.६ सेंटिमीटरची, म्हणजे सी-बँडची. दाट जंगलात ती वरची पानं आणि डहाळ्या यांतच अडते. त्यामुळे विरळ जंगलाच्या पुढे लाकूड कितीही वाढलं तरी आकडा हलत नाही. बायोमास (झाडांचं वजन) मोजायचं असेल तर लांब लहर हवी: ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार उपग्रहावर २४ सेंटिमीटर लहरीचा एल-बँड आहे, आणि त्याचंही उद्दिष्ट हेक्टरी १०० टनांपर्यंतच्या जंगलांसाठीच ठरवलेलं आहे. त्याहून दाट जंगलासाठी युरोपने एप्रिल २०२५ मध्ये सोडलेला, ७० सेंटिमीटरच्या आसपास लहर वापरणारा बायोमास उपग्रह आहे.

मेळघाट-ताडोबातल्या सागाचं वेगळं. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानगळ होते आणि सिग्नल बदलतो. जानेवारीची प्रतिमा एप्रिलच्या शेजारी ठेवून तोड शोधू नका. गेल्या वर्षीचा एप्रिल घ्या. उलटही घडतं: तोड खरोखर झालेली असते, पण पडलेली खोडं आणि फांद्या लहर परत पाठवतच राहतात आणि जागा लगेच काळी पडत नाही. म्हणून संशयित जागेच्या पुढच्या तीन-चार फेऱ्या बघा, मधल्या पावसाची नोंद तपासा, आणि मग कक्ष क्रमांक देऊन त्या बीटच्या वनरक्षकांना प्रत्यक्ष पाहायला सांगा.