लाइन गेली की सोलरही बंद? माझ्या घरी असा सुटला प्रश्न

भर दुपारी छपरावर पॅनल तळपताहेत आणि लाइन जाताच घरातले पंखेही थांबतात, हे फार जिवाला लागायचं. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे लाइनला जोडून चालणारा, अशा वेळी मुद्दाम बंद होतो. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून. ती सोय योग्यच, तिला हात लावू नका.

मी हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन नसतानाही सोलर आणि बॅटरीवर घर चालवणारा) आणि लिथियम बॅटरी घेतली. खरं काम वायरिंगचं निघालं. फ्रिज, दिवे, पंखे, राउटर बॅकअपसाठी वेगळ्या डीबीवर (एमसीबींच्या पेटीवर) घेतले. बॅकअपचा न्यूट्रलही वेगळा ओढून घेतला, नाहीतर आरसीसीबी (गळती दिसताच वीज तोडणारा सुरक्षा-स्विच) ट्रिप होतो. गीझर बॅकअपच्या बाहेरच ठेवला: २००० वॅटचा गीझर तासाभरात २ युनिट खातो, तेवढ्याच विजेत २८ वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ७० तास फिरतो. आता लाइन गेलेली घड्याळाच्या काट्यालाही कळत नाही, इन्व्हर्टरचा दिवा तेवढा रंग बदलतो.