जुन्या मस्टँगचं इंजिन उतरवताना क्लचचा दांडा विसरू नका

पहिल्यांदा इंजिन उतरवलं तेव्हा ते चार बोटं वर आलं आणि अडलं. आम्ही क्रेनला आणखी एक पंप मारला. खालून कट्ट आवाज आला, क्लचचा आडवा दांडा वाकला. तो सोडवायचाच राहिला होता.

गाडी १९६६ ची फोर्ड मस्टँग, इंजिन २८९ घनइंची व्ही-८. या गाडीत क्लचला तेल नाही, केबल नाही, नुसत्या दांड्या. पेडलची दांडी फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) येऊन आडव्या दांड्याला फिरवते आणि त्या दांड्याची खालची दांडी क्लच फोर्कला, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या काट्याला, ढकलते. आडव्या दांड्याचं एक टोक गाडीच्या सांगाड्यावर आणि दुसरं इंजिनच्या बाजूला असतं. म्हणून तो निघाल्याशिवाय इंजिन हलत नाही.

हत्यारं इंचातली घ्या. अर्ध्या इंचाच्या डोक्याच्या बोल्टवर १३ मिमीची गोटी (सॉकेट) बसते खरी, पण ढिली बसते आणि बोल्टचं डोकं गोल करते.

आधी वरचं आवरा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बिजागऱ्यांभोवती पेन्सिलने रेघ मारून दोघांनी मिळून बॉनेट उतरवा. नंतर बसवताना ती रेघ कामी येते. कूलंट आणि ऑइल भांड्यात काढा. कूलंट गोडसर आणि विषारी असतं, कुत्र्यामांजरांपासून लांब ठेवा. मग रेडिएटर, पंखा, हीटरचे पाइप, थ्रॉटलची जोडणी. पेट्रोलचा पाइप काढताच त्याच्या तोंडात बोल्ट कोंबा, नाहीतर टाकीतलं पेट्रोल ओघळत राहतं. प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा आणि फोटो काढा. एक्झॉस्टचे नट गंजलेले असतात, आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. स्टार्टरही काढा.

आता क्लच. गाडी पक्क्या स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका. आधी परत ओढणारी स्प्रिंग काढा, चष्मा घालूनच, कारण ती उडते. मग फोर्कची दांडी. तिच्यावर बाहेर किती आटे दिसतात ते मोजून लिहा, पुढे पेडलचा खेळ जुळवताना तोच आकडा लागतो. मग पेडलच्या दांडीची क्लिप. शेवटी सांगाड्यावरच्या ब्रॅकेटचे बोल्ट सोडले की आडवा दांडा बाजूला सरकतो आणि हातात येतो. टोकांचे बुश बोटाने हलवून बघा, आमचे पार झिजलेले निघाले. पेडल खडखडतंय म्हणून आम्ही उगाच क्लचप्लेटला शिव्या घालत होतो.

गिअरबॉक्स गाडीतच ठेवणार असाल तर त्याच्या पुढच्या भागाखाली जॅक लावा. क्रेनची साखळी एका हेडच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या ठोकळ्याच्या) पुढच्या आणि दुसऱ्या हेडच्या मागच्या कोपऱ्याला बांधा. इंजिन दोनशे किलोच्या वर भरतं आणि क्रेनचा हात लांब केला की तिची क्षमता घटते. साखळी ताणा, मग बेलहाउसिंगचे (क्लचभोवतीच्या, गिअरबॉक्सला जोडणाऱ्या कवचाचे) आणि माउंटिंगचे (इंजिन सांगाड्याला धरणारे) बोल्ट काढा. इंजिन सरळ पुढे ओढा, गिअरबॉक्सचा शाफ्ट पूर्ण सुटल्याशिवाय वर उचलू नका. सगळं वजन शाफ्टवर आलं तर क्लचप्लेट वाकते. अडलं तर पंप मारू नका, खाली वाकून बघा.

क्लचची धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. आणि गिअरबॉक्सखालचा जॅक इंजिन परत बसेपर्यंत तसाच राहू द्या.