ट्यूनासाठी पहिला रॉड-रील घेताय? मग आधी रीलचा ड्रॅग बघा

नवीन माणूस दुकानात शिरला की पहिला हात रॉडला घालतो. वाकवून बघणार, हवेत दोनदा फिरवणार, रंग आवडला की झालं. मी पण तेच केलं होतं. पण ट्यूना हा मासा असा आहे की गळाला लागला रे लागला की सरळ पळतो, थांबत नाही, बघता बघता शंभर-दीडशे मीटर लाईन जाते आणि तेवढ्या वेळात रॉड काय करतो तर नुसता वाकतो, सगळं काम रीलच्या आतला ड्रॅग, म्हणजे सुटणाऱ्या लाईनला अडवणारा ब्रेक, करत असतो. म्हणून बजेटमधले जास्त पैसे रीलवर टाका, रॉड साधा चालतो.

त्याच्या आधी एक ठरवा, पकडणार कसे? बोट चालू ठेवून मागे ल्युअर, म्हणजे नकली आमिषं, ओढायचे (ट्रोलिंग) तर कन्व्हेन्शनल रील, म्हणजे रॉडच्या वर बसणारं, आडव्या स्पूलचं (स्पूल म्हणजे लाईन गुंडाळली जाते तो भाग). पाण्यावर मासे उसळताना दिसले की पॉपर नाहीतर स्टिकबेट (दोन्ही फेकायचे ल्युअरच) लांब फेकायचं असेल तर स्पिनिंग, म्हणजे रॉडच्या खाली लटकणारं रील. खोल जिग, म्हणजे धातूचं जड ल्युअर, सोडून मारायचं असेल तर दोन्ही चालतात. एकाच सेटमध्ये सगळं करू म्हणाल तर काहीच धड होत नाही. आणि मासा केवढा? स्किपजॅक तीन-चार किलोचा असतो, यलोफिन तीस-चाळीस किलोचा सहज भेटतो, आणि ब्लूफिनचा गळावरचा विश्वविक्रम ६७९ किलोचा आहे, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा, १९७९ सालचा. तिघंही ट्यूनाच! त्यामुळे दुकानदार नुसतं "ट्यूना रील" म्हणून काही पुढे करत असेल तर आधी विचारा, कुठला ट्यूना? सुरुवात मधल्या साईझवर करा, ३० ते ५० पाउंड क्लासचा, म्हणजे तेवढ्या ताकदीच्या लाईनसाठी बनवलेला सेट. जायंट ब्लूफिनचं नंतर बघू.

आता ड्रॅग. बॉक्सवर मोठ्ठा आकडा असतो, मॅक्स ड्रॅग २० किलो, २५ किलो वगैरे, त्याला भुलू नका. साधा हिशोब असा की लाईन जेवढ्यावर तुटते त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा ड्रॅग लावायचा. म्हणजे ५० पाउंड लाईनला १२ ते १६ पाउंड, साधारण साडेपाच ते सात किलो. सात किलो कमी वाटतात ना? रॉड हातात धरून लाईनचं दुसरं टोक स्प्रिंग काट्याला बांधा आणि मित्राला ओढायला सांगा, काटा सातवर गेला की कंबर काय म्हणते ते कळेल. खरं बघायचं ते हे, की ड्रॅग सुटताना अडकतो का. दुकानातच ड्रॅग थोडा लावा, लाईन हाताने आधी हळू ओढा मग झटकन ओढा, सुरुवातीला गचका बसला तर ते रील ठेवून द्या, कारण तोच गचका पळणाऱ्या माशाने दिला की लाईन तुटते.

कन्व्हेन्शनलमध्ये स्टार ड्रॅग (हँडलजवळचं चांदणीसारखं चाक फिरवून लावायचा) स्वस्त पडतो, पण ट्यूनाला लिव्हर ड्रॅग (दांडी पुढे-मागे सरकवून लावायचा) घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. लिव्हर 'स्ट्राईक'वर, म्हणजे मासा लागताना ठेवायच्या खुणेवर, ठेवून काट्याने ड्रॅग एकदा सेट केला की मासा लागल्यावर अंदाजपंचे काही फिरवावं लागत नाही. फक्त प्रीसेट नॉब (ड्रॅगची ताकद आधी ठरवायचं बटण) फिरवायचा तो लिव्हर पूर्ण फ्रीला आणूनच, मासा लागलेला असताना त्याला हात लावायचा नाही. आणि जमलं तर टू-स्पीड, म्हणजे दोन गियरचं रील घ्या. शेवटी शेवटी ट्यूना बोटीखाली गोल गोल फिरायला लागतो, तेव्हा हाय गियरमध्ये हँडल फिरतच नाही, लो गियर टाकला की इंच इंच का होईना, वर येतो.

स्पिनिंगमध्ये शिमानो, दाइवाचे साईझचे नंबर धरले तर १४००० पासून पुढे बघा. पण पेन (Penn) कंपनीचे नंबर वेगळ्या हिशोबाने चालतात, त्यामुळे नंबर नको, लाईन किती बसते ते बघा, ५०-६५ पाउंडची ब्रेड (विणलेली लाईन) निदान ३०० मीटर तरी बसली पाहिजे.

रॉडचं थोडक्यात. ट्रोलिंग नाहीतर जिगिंगला आखूड, साडेपाच-सहा फुटी. लांब रॉडवर जोर माशाला मिळतो आणि पाठ आपली जाते. कास्टिंगला मात्र साडेसात-आठ फुटी लागतो, नाहीतर पॉपर लांब जातच नाही. रॉडवर लिहिलेला लाईन क्लास किंवा पीई नंबर (ब्रेडच्या जाडीचा जपानी आकडा) रीलवरच्या लाईनशी जुळला पाहिजे (पीई १ म्हणजे ढोबळ १० पाउंड धरा). ट्रोलिंगच्या रॉडच्या बुडाला प्लसच्या आकाराची खाच आहे ना बघून घ्या, ती रॉड होल्डरमध्ये आणि कमरेच्या बेल्टमध्ये अडकते, नसेल तर रॉड हातात गरगर फिरतो. रोलर गाइड्स (लाईन ओवायच्या कड्यांत फिरत्या चकत्या असलेले) दिसायला भारी, पण ३०-५० क्लासला साधे रिंग गाइड्स पुरतात, शिवाय रोलर मिठाने जाम होतात ते वेगळंच.

लाईनबद्दल माझी फजिती सांगतो. नवीन ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळली. मासा लागला, मी जीव तोडून हँडल मारतोय, स्पूल फिरतोय आणि लाईन जागच्या जागी! आख्खा गठ्ठाच स्पूलवर घसरत होता. तळाला आठ-दहा मीटर मोनो (साधी एकपदरी नायलॉन लाईन) आधी गुंडाळली असती तर हे झालं नसतं. गुंडाळताना ब्रेड ओल्या फडक्यातून ताणून घ्या, सैल राहिली तर वरची लाईन खालच्या थरांत रुतते. पुढे ६० ते ८० पाउंडचा फ्लुरोकार्बन लीडर (ल्युअरच्या आधीचा लाईनचा शेवटचा तुकडा), एफजी नॉट या गाठीने ब्रेडला जोडा. ही गाठ बोटीवर हलत हलत शिकायची नसते, घरी बसून वीस-पंचवीसदा बांधा.

परत आलात की रीलवर गोडं पाणी हळू सोडा, जोराच्या फवाऱ्याने मीठ उलट आत जातं. पाणी सोडताना ड्रॅग घट्ट ठेवा, पुसून झालं की पूर्ण सैल करून मगच कपाटात ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात आणि पुढच्या ट्रिपला पहिल्याच माशाला तो गचका येतो.