उधारीची वसुली : कोर्टात जाण्याआधी या चुका टाळा

जळगावच्या बाजारात उधारी चालते शब्दावर. 'आपला मानूस शे' म्हटलं की बिलावर पोहोचेची सहीसुद्धा कोणी मागत नाही. शब्द फिरला की मग वकिलाकडे धाव. वसुलीचं प्रकरण बहुतेकदा बिघडतं ते खरं-खोटं ठरण्याआधीच, तारखांत आणि कागदांत.

सगळ्यात जास्त घोळ चेकचा. रावेर-सावद्याच्या केळी बागायतदाराला परप्रांतातल्या व्यापाऱ्याचा चेक मिळतो, तो परत येतो. व्यापारी फोनवर म्हणतो, "भाऊ, पुढच्या गाडीला भागवतो." त्यातच महिना जातो. चेक न वटल्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८ ची नोटीस मात्र चेक परतल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांतच निघावी लागते. तक्रार दाखल करायला झालेला उशीर कोर्ट सबळ कारण पाहून माफ करू शकतं, नोटिशीचा नाही. तरी लगेच हातपाय गाळू नका. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा भरा. परत आला की नोटिशीचे ३० दिवस नव्याने सुरू होतात. नोटीस पोहोचल्यापासून १५ दिवस समोरच्याचे, पैसे भरायला; त्यानंतरचा एक महिना तुमचा, तक्रार दाखल करायला. आणि केस तुमचं खातं असलेल्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात चालते, त्यासाठी दिल्ली गाठायची गरज नाही.

नोटिशीतला आकडा चेकशी तंतोतंत जुळला पाहिजे. टायपिंगची चूक हीसुद्धा सबब चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं. व्याज आणि खर्च मागायचा तर वेगळा दाखवा, चेकच्या रकमेत मिसळू नका.

चटई कारखानदार आणि दालमिलवाल्यांची चूक निराळी. बिलावर ते बिनधास्त '९० दिवस' छापतात. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असं २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट, तेही मासिक चक्रवाढीने व्याज. आयकर कायद्यामुळे आता खरेदीदारालाही घाई असते: मुदत चुकवली तर पैसे देईपर्यंत त्या खर्चाची वजावट नाही. पण उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंदणी) वाद पेटल्यावर काढू नका, माल पाठवण्याआधीच काढा. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम क्रमांक मिळतो, हा फायदा नाही. हे ऐकून बरेच आडते नाराज होतात, इलाज नाही.

तीन लाख किंवा त्याहून मोठ्या व्यापारी वादात तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज करावा लागतो. तो टाळून थेट दावा लावला तर २० ऑगस्ट २०२२ पासून दावा फेटाळला जातो. मध्यस्थीत गेलेले दिवस मुदतीत धरत नाहीत, त्यामुळे 'वेळ जाईल' ही भीती फुकाची.

आणि मोबाईल. "व्हॉट्सअॅपवर कबूल केलंय ना साहेब!" केलं असेल. पण १ जुलै २०२४ पासून साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं: एक भाग तुमचा, दुसरा तज्ज्ञाचा, त्यात हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा. स्क्रीनशॉटच्या नुसत्या प्रिंटने भागत नाही. केस संपेपर्यंत तो फोन विकू नका, फॉरमॅटही करू नका. शिवाय तीन वर्षांची मुदत संपण्याआधी खातेउताऱ्यावर 'बाकी मान्य' लिहून सही घ्या, म्हणजे मुदत त्या तारखेपासून पुन्हा मोजली जाते. दिवाळीला वह्या मिटवताना समोरचा मिठाई घेऊन आलेला असतो, तेव्हाच पेन पुढे करा.