पुरुषांच्या हार्मोनसाठी झाडपाला घेताना या चुका टाळा

थकवा आणि कामेच्छा कमी होणे या तक्रारी मधुमेह, थायरॉइड, अपुरी झोप किंवा नियमित मद्यपान यांमुळेही उद्भवतात; त्यामुळे तपासणी न करता चूर्ण सुरू करणे ही पहिली मोठी चूक होय. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची पातळी पहाटे व सकाळी जास्त असते, म्हणून रक्त सकाळी 7 ते 10 च्या दरम्यान द्यावे. दिवसभराची कामे उरकून सायंकाळी केलेल्या तपासणीवर विसंबू नये, आणि एकदा आकडा कमी आला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे.

कोकणात याहून घातक चूक घडू शकते ती कंद ओळखताना. ताकदीसाठी घेतली जाणारी सफेद मुसळी आपल्या सह्याद्रीतीलच आहे, तिच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे आणि पावसाळ्यात आपण आवडीने खातो ती फोडशीची भाजी तिच्याच कुळातील. मात्र त्याच दिवसांत कुंपणावर, गडग्यांवर लाल-पिवळ्या फुलांची कळलावी चढलेली असते. तिच्या कंदात कोल्चिसिन हे विष असून शिजवल्याने ते जात नाही. मुसळीची मुळे एकाच ठिकाणाहून बोटांसारखी झुबक्याने फुटतात, तर कळलावीचा कंद नांगरासारखा दुभंगलेला असतो. तरीही वाळवून कापलेले तुकडे पाहून भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही, म्हणून सुटे तुकडे घेऊच नयेत.

खाजकुइलीच्या बिया कच्च्या दळून घेणेही चुकीचे आहे. आयुर्वेदात त्या दुधात उकडून, साल काढून, वाळवूनच वापरतात. त्यांतील एल-डोपा हे पार्किन्सनच्या उपचारातील औषधच असल्याने असे रुग्ण आणि मानसिक आजाराची औषधे घेणारे यांनी त्या स्वतःहून घेऊ नयेत.

गोखरूने निरोगी पुरुषांत टेस्टोस्टेरॉन वाढल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही. अश्वगंधेने काहींना लाभ होतो, पण थायरॉइडची पातळीही वाढू शकते. ‘एका तासात परिणाम’ असे सांगणाऱ्या गोळ्यांत सिल्डेनाफिल (व्हायग्रातील औषध) मिसळलेले सापडले आहे. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने जीवघेणा उतरतो.

लाजेपोटी डॉक्टरांपासून चूर्ण लपवू नये. अश्वगंधा घेताना लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळसर दिसले, तर ती तत्काळ थांबवावी आणि पुडी सोबत घेऊनच दवाखाना गाठावा.